पावसाच्या नोंदी आणि सरकारचे निर्णय

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये, कल्याण-बदलापूर रस्त्यालगत मोरिवली आहे. आज या गावाची ओळख एमआयडीसीच्या नावानेच होते. कारखाने, टँकरची ये-जा, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी. पण या सगळ्या पट्ट्याचा पावसाळा दोन नद्यांच्या हातात आहे. एक उल्हास. राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा सुमारे १२२ किलोमीटरचा प्रवास करत ती खाडीला मिळते. दुसरी वालधुनी. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावणारी ही छोटी नदी काकोळ्यावरून, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून कल्याणकडे जाते.

जुलैमध्ये बदलापुरात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. साडेसतरा. उल्हासची इथली इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. नदीकाठच्या चौपाटीवर पाणी आलं, की हेंद्रेपाडा आणि रमेशवाडीतले लोक तळमजल्यावरचं सामान वर न्यायला लागतात. त्याच वेळी तहसील कचेरीत, नगरपालिकेत आणि रेल्वेच्या नियंत्रण कक्षात निर्णय घ्यायचे असतात. शाळांना सुट्टी द्यायची का? वस्ती हलवायची का? कर्जतकडे जाणारी गाडी सोडायची का? नदी अजून दोन हात खाली असताना हे ठरवावं लागतं. पाणी दारात आल्यावर घेतलेल्या निर्णयाचा फारसा उपयोग नसतो.

असे निर्णय आता मशीन लर्निंगच्या मदतीने घ्यावेत, असा आग्रह जगभर धरला जातो आहे. जुन्या नोंदी यंत्राला द्यायच्या, त्यांतले संबंध त्यानेच शोधायचे आणि पुढचा अंदाज सांगायचा. तंत्र नवं आहे, पण त्यामागची धडपड फार जुनी आहे आणि तिचा बराचसा इतिहास महाराष्ट्रात घडला आहे.

पावसाचा अंदाज ही शेतकऱ्याची गरज सरकारच्या कितीतरी आधीची. पंचांगात मृगापासून पुढच्या प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहन असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, मोर किंवा उंदीर असेल तर मध्यम, असे ठोकताळे पिढ्यानपिढ्या चालत आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगितलं जातं. विदर्भ-खानदेशातले शेतकरी आजही ते ऐकायला जमतात. या प्रथांमागे एक खरी निकड आहे. बियाणं कोणतं घ्यायचं, किती रान पेरायचं, कर्ज काढायचं की नाही, हे पाऊस पडण्याआधी ठरवावं लागतं. या भाकितांमध्ये एकच गोष्ट नव्हती. मागच्या वर्षी सांगितलेलं किती खरं ठरलं, याचा लेखी हिशेब कुणी ठेवत नव्हतं.

तो हिशेब ठेवायला सुरुवात झाली मुंबईत. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला वेधशाळा उभारली. १८४० नंतर तिथं नियमित निरीक्षणं सुरू झाली आणि ती घेणाऱ्यांत एक मराठी तरुण होता, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून गाजलेले, टिळक-आगरकरांचे गुरू केरूनाना ते हेच. प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली त्यांनी सुमारे दशकभर तिथं काम केलं. हवेचा दाब, तापमान आणि चुंबकसूची ठरलेल्या वेळी पाहून वहीत लिहायची, हे ते काम. त्या वहीचा उपयोग पुढे कोण, कसा करील, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

याच काळात उल्हासच्या खोऱ्यात रेल्वे आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५४ मध्ये कल्याण आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून पळसदरीपर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची गाडी धावली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून रेल्वेने काकोळ्याला वालधुनीच्या उगमाजवळ धरण बांधलं. लोक आजही त्याला ‘जीआयपी टँक’ म्हणतात. रूळ नदीच्या काठाकाठाने गेले आणि तेव्हापासून उल्हासचा पूर ही रेल्वेचीही चिंता झाली.

सरकारला पावसाच्या अंदाजाची खरी गरज भासली ती दुष्काळामुळे. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. पाऊस हुलकावणी देणार आहे हे दोन महिने आधी कळलं असतं तर धान्य हलवता आलं असतं, दुष्काळी कामं काढता आली असती, हा विचार त्यातून पुढे आला. हिमालयात बर्फ जास्त साचलं की मोसमी पाऊस कमी पडतो, असं ब्लॅनफोर्ड यांना नोंदींवरून दिसलं होतं. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला.

त्यांच्या जागी आलेल्या जॉन एलियट यांनी अंदाज अधिक तपशिलात द्यायला सुरुवात केली. १८९९ मध्ये त्यांनी सरासरीपेक्षा जास्त पाऊस सांगितला आणि त्या वर्षी देशाच्या मोठ्या भागात पाण्यासाठी हाहाकार उडाला. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. तेव्हा सरकारने १९०२ ते १९०५ या काळात अंदाज गोपनीय ठेवले. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्या शेतकऱ्यांपासूनच ते दडवले गेले. सार्वजनिक धोरणासाठी आकडे वापरणाऱ्या प्रत्येक खात्यापुढे हा मोह आजही उभा असतो. अंदाज चुकला, की तो सुधारण्यापेक्षा झाकणं सोपं वाटतं.

१९०४ मध्ये एलियट यांच्या जागी गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचा हा गणितज्ञ हवामानशास्त्रात नवखा होता. त्यांनी ठरवलं की आधी सिद्धांत मांडत बसायचं नाही, जगभरच्या नोंदी गोळा करायच्या आणि भारताच्या पावसाशी कशाचा संबंध लागतो ते गणिताने तपासायचं. हातात संगणक नव्हता. भारतीय कारकुनांची फळीच त्यांचा संगणक होती. हे कारकून कागदावर बेरजा, वर्ग आणि गुणाकार करत सहसंबंध काढायचे. १९०९ मध्ये वॉकर यांनी जे समीकरण वापरलं त्यात हिमालयातलं बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारचा पाऊस हे घटक होते. याच कामातून त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा हेलकावा दिसला. ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव त्यांचंच. एल निनोच्या बातम्या आज प्रत्येक मराठी शेतकरी ऐकतो, त्यांची मुळं त्या कारकुनांच्या कागदांत आहेत.

मशीन लर्निंगचा गाभा यापेक्षा फार वेगळा नाही. पुष्कळ जुनी उदाहरणं घ्यायची, आधी काय होतं आणि नंतर काय झालं यांची जोडी लावायची, आणि चूक कमीत कमी होईल असे घटकांचे गुणांक ठरवायचे. वॉकर यांच्या समीकरणात असे चार गुणांक होते, आजच्या प्रारूपांत ते कोट्यवधी असतात आणि ते ठरवण्याचं काम यंत्र करतं.

आकड्यांनी धोरण कसं बदलतं याचं एक ठळक उदाहरण त्याच काळातलं आहे. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचं पात्र गाळाने वर आलंय, म्हणून बांध काही फूट उंच करावेत, असं अभियंत्यांचं मत पडलं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पूर आला होता तो वरच्या खोऱ्यातल्या विलक्षण पावसामुळे. बांध उंच करणं व्यर्थ ठरलं असतं, पाणी वरच अडवायला हवं होतं. पुढे महानदीवर हिराकूड धरण झालं, त्यामागच्या विचारात या अभ्यासाचा वाटा होता. नोंदी नसत्या, तर सरकारने मोठा पैसा चुकीच्या जागी ओतला असता.

१९२८ मध्ये हवामान विभागाचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचं काम पुण्यातच राहिलं. १९६२ मध्ये पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची सुरुवातही पुण्यातच झाली.

१९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं प्रारूप दिलं. या प्रारूपामुळे मान्सूनचा अंदाज घराघरात चर्चेचा विषय झाला. पुढची बरीच वर्षं देशात पाऊस सरासरीच्या आसपास राहिला आणि अंदाजही जुळत गेले. मग २००२ उजाडलं. अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता. जुलैत पावसाने अशी दडी मारली की त्या महिन्यात निम्म्याहून अधिक तूट पडली आणि हंगाम सुमारे १९ टक्के तुटीने संपला. कारण तपासल्यावर दिसलं की सोळांपैकी काही घटकांचा पावसाशी असलेला जुना संबंध काळाच्या ओघात विरला होता. २००३ मध्ये विभागाने नवी प्रारूपं आणली आणि २००७ मध्ये अनेक प्रारूपांची सांगड घालणारी पद्धत स्वीकारली.

या ठिकाणी थांबून पाहिलं पाहिजे, कारण हाच धोका मशीन लर्निंगलाही आहे. यंत्र भूतकाळावर शिकतं. हवामानच बदलत असेल, तर कालचा संबंध उद्या टिकेलच असं नाही. एलियट यांच्या वेळी चूक झाकली गेली. २००२ नंतर मात्र ती मान्य करून पद्धत बदलली गेली. दुसरा मार्ग कठीण होता, पण त्यानेच काम पुढे सरकलं.

तीन वर्षांनी २६ जुलै २००५ उगवला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३.४. एकाच शहरात, त्याच दिवशी. मुंबईचा पाऊस सांगणाऱ्या हवामान विभागाच्या मुख्य जागा तेव्हा या दोनच होत्या. मधल्या भागात किती पडतोय, मिठी नदीला कुठे फुगवटा येतोय, हे वेळेवर कळायची सोय नव्हती. उल्हासनेही त्या दिवशी बदलापूर आणि कल्याणचा मोठा भाग पाण्याखाली घेतला. या पुराची कारणं शोधण्यासाठी नेमलेल्या माधवराव चितळे यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. मुंबई महापालिकेने अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं. ते दर १५ मिनिटांनी आकडा पाठवायचे. कुलाब्याला डॉप्लर रडार आलं. जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा यंत्रणा सुरू झाली. आयआयटी मुंबईने पालिकेच्या साथीने वॉर्डावॉर्डांतल्या पावसाचा आणि साचणाऱ्या पाण्याचा अंदाज देण्याचा प्रयोग हाती घेतला. हे सारं शक्य झालं ते आधी मोजमाप वाढलं म्हणून. मोजमाप वाढलं ते मुंबईत, आणि उल्हासचं खोरं या जाळ्याच्या बाहेर राहिलं.

त्याची किंमत २०१९ मध्ये दिसली. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ अडकली. उल्हासचं पाणी रुळांवर चढलं, गाडीला सगळ्या बाजूंनी वेढा पडला आणि सुमारे १,०५० प्रवासी अंधारात डब्यांत बसून राहिले. त्यांत गरोदर बायका होत्या, लहान मुलं होती. सकाळी एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदल आणि हवाई दल आलं, आजूबाजूचे गावकरी खाणंपिणं घेऊन धावले आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. जीवितहानी झाली नाही, ही बचाव पथकांची आणि गावकऱ्यांची पुण्याई. पण मूळ प्रश्न उरतोच. पाऊस मोजणारं एक खातं, नदीची पातळी पाहणारं दुसरं, गाडी सोडणारं तिसरं. वरच्या खोऱ्यात कोसळणारं पाणी किती तासांत चामटोलीच्या रुळांना लागेल, हे या तिघांच्या समोर एकाच पडद्यावर, वेळेवर दिसायला हवं.

नेमकं हेच काम मशीन लर्निंगला चांगलं जमतं. २०१८ मध्ये गूगलने केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने पाटण्याला गंगेच्या पुराचे इशारे द्यायचा प्रयोग केला आणि २०२० पर्यंत तो देशभर नेला. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘ग्राफकास्ट’ या प्रारूपाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ३९ वर्षांच्या जागतिक हवामानाच्या नोंदींवर शिकलेलं हे प्रारूप दहा दिवसांचा अंदाज मिनिटाभरात देतं. महासंगणकाला त्याच कामासाठी तासन् तास लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपच्या हवामान केंद्राने असंच प्रारूप रोजच्या वापरात आणलं.

भारताच्या शेतीत याचा मोठा वापर २०२५ च्या खरिपात झाला. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाऊस कधी सुरू होईल याचा अंदाज पाठवला. त्यासाठी युरोपीय केंद्राचं आणि गूगलचं प्रारूप हवामान विभागाच्या जुन्या नोंदींशी ताडून वापरलं होतं. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. नोंदींतलं हे सर्वांत लवकरचं आगमन. सगळीकडे पेरणीची लगबग सुरू होणार, तोच पाऊस मध्येच रेंगाळला. हा खंड पाठवलेल्या अंदाजांत आधीच दिसला होता. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत आणि मजुरी यांचा दुप्पट खर्च. ज्याने थांबून पेरलं त्याचा हा खर्च वाचला. ब्लॅनफोर्ड यांच्या पहिल्या अंदाजानंतर १३९ वर्षांनी सरकारी अंदाज थेट शेतकऱ्याच्या हातात, त्याच्या निर्णयाच्या वेळी पोहोचला.

मोरिवलीला याचा उपयोग होईल का? आज आहे तसा, फार थोडा. ग्राफकास्ट जग सुमारे २८ किलोमीटरच्या चौकोनांत पाहतं. उल्हासनगर, अंबरनाथ, मोरिवली आणि बदलापूर अशा एका चौकोनात सहज मावतात. मे २०२५ मध्ये आयआयटीएमने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरपर्यंत खाली आली, ही मोठी मजल आहे. ती मुख्यतः भौतिकशास्त्राच्या समीकरणांवर चालते, आणि असे बारीक अंदाज व शिकणारं यंत्र यांची जोड घातली तर फायदा होईल. तरीही घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांत बदलापूरला आणणारी नदी गंगेपेक्षा फार वेगळी आहे. गंगेच्या पुराला तयारीसाठी दिवस मिळतात, उल्हासच्या पुराला एक रात्र मिळते, आणि वालधुनीला तेवढीही नाही. शिवाय २००५ किंवा २०१९ सारखे पूर क्वचित येतात, त्यामुळे यंत्राला त्यांची उदाहरणं मोजकीच मिळतात. म्हणून त्या प्रत्येक उदाहरणाची बारीक नोंद मोलाची ठरते.

राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर २,०६५ स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. शेतीसाठी आणि पीकविम्यासाठी ती उभारली गेली. त्यांचे आकडे, बदलापूरची नदीपातळी आणि रेल्वेच्या नोंदी एकत्र आल्या, तर उल्हासचं स्वतःचं प्रारूप शिकवायला साहित्य तयार होईल. मोरिवलीच्या बाबतीत एक जबाबदारी वाढते. इथं रसायनांचे कारखाने आहेत. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा वाद हरित लवादापर्यंत गेलेला आहे. पूर येणार हे सहा तास आधी कळलं, तर कारखान्यांना रसायनांचे साठे उंचावर हलवता येतील आणि प्रदूषण मंडळाला कुठे लक्ष ठेवायचं ते समजेल.

यासाठी महागडं यंत्र आधी नको. अंबरनाथ नगरपालिकेने आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकेने प्रभागवार पर्जन्यमापक बसवावेत, वालधुनीच्या पुलांवर पातळीच्या पट्ट्या रंगवाव्यात, आणि कोणत्या रस्त्यावर किती वाजता किती पाणी आलं याची नोंद ठेवून ती सर्वांना खुली करावी. एमआयडीसीने आणि रेल्वेने आपले आकडे त्यात घालावेत. अंदाज चुकला तर चूकही त्याच जागी छापावी. आणि मोरिवलीपासून वांगणीपर्यंतच्या प्रत्येक सोसायटीने एक काम आजच करावं. २००५ चं, २०१९ चं आणि यापुढे येईल त्या प्रत्येक पुराचं पाणी आपल्या भिंतीवर कुठवर आलं होतं, ती रेघ तारखेसह रंगवून ठेवावी आणि तिची उंची मोजून नगरपालिकेला कळवावी.